भरता येणारा सेल : बिरसीच्या विमानात आणि आपल्या घरात



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘भरता येणारा सेल’ असे कळविले. त्यावर त्यांच्यापैकी एका सद्‌गृहस्थांनी विचारले की, संघटनेचा माणूस सेलावर काय बोलणार? बोनसवर बोला, किमान वेतनावर बोला. त्यांचा प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कामगारांच्या बैठकांत आणि बिघडलेली यंत्रे उघडून पाहण्यात. परंतु गेल्या पावसाळ्यात एकाच पंधरवड्यात दोन माणसे आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आली. एक होता बिरसीला विमान चालविण्यास शिकणारा मुलगा, दुसरे भातगिरणीतील रात्रपाळीचे पहारेकरी. दोघांनाही हेच हवे होते की, बाजारात मिळणारे चार्जिंगचे सेल घ्यावेत की न घ्यावेत. एकाच्या हातात लाख रुपयांच्या घरातले यंत्र, दुसऱ्याच्या हातात दीडशे रुपयांची टॉर्च. आणि दोघांच्या यंत्रांत सेल मात्र एकाच मापाचे, ज्याला आपण पेन्सिल सेल म्हणतो ते. दोघांना उत्तर देण्यासाठी आम्हांस जे वाचावे आणि मोजावे लागले, तेच आज आपणांसमोर मांडत आहोत.

सेल ही वस्तू आपल्याला परकी वाटते. तिच्यावर इंग्रजी नाव असते, ती दुकानात चकचकीत वेष्टनात येते. वस्तुतः साध्या सेलच्या पोटात जी काळी पूड असते, ती मँगॅनीज डायऑक्साइडची. आणि त्या जातीचे खनिज आपल्या शेजारी, भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे निघते. १९९९ च्या १ मेपूर्वी तो आणि आपण एकाच जिल्ह्यात होतो. मॉइल या सरकारी कंपनीची ती उघडी खाण आहे, आणि विजेच्या साह्याने अधिक शुद्ध मँगॅनीज डायऑक्साइड बनविण्याचा कारखानाही तेथेच आहे. त्याचा उपयोग सेल बनविण्याकडे होतो. म्हणजे गोंदियाच्या दुकानात आपण जो सेल घेतो, त्यात तुमसरच्या मजुरांचा घाम असू शकतो. आणखीही एक गोष्ट असू शकते. मँगॅनीजच्या धुळीने मज्जातंतूंना जडणारा विकार हा कायद्याने नोंद करण्याजोग्या व्यावसायिक रोगांत पूर्वीपासून धरलेला आहे. सेल फेकून देताना ही साखळी कोणाच्या मनात येत नाही. येथे एक शंका संघटनेच्या माणसाला येणारच : भरता येणारे सेल सर्वत्र झाले तर खाणमजुराचे काय? त्याचे उत्तर असे की, जगातील मँगॅनीजचा फार मोठा भाग पोलादाकडे जातो. सेलकडे जातो तो लहानसा वाटा. त्या भीतीने घाबरण्याचे कारण नाही.

आता साधा सेल आणि भरता येणारा सेल यांत फरक काय, ते पाहू. साध्या सेलमध्ये जस्त झिजते आणि त्या झिजेतून वीज मिळते. झिजलेले जस्त उलट वीज घालून पूर्ववत होत नाही. म्हणून अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालणे धोक्याचे आहे, तो गळतो, प्रसंगी फुटतो. भरता येण्याजोगा पहिला व्यवहार्य सेल शिशाचा. तो फ्रान्समध्ये प्लांते यांनी १८५९ मध्ये केला आणि आपल्या ट्रॅक्टरात आजही त्याचीच वंशावळ आहे. स्वीडनमध्ये युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियमचा सेल केला. तो चिवट खरा, पण कॅडमियम हे विष. पेन्सिल सेलच्या मापात आज जो भरता येणारा सेल घ्यावा तो निकेल-मेटल-हायड्राइड जातीचा. यात हायड्रोजन एका धातुमिश्रणातून निघतो आणि भरताना पुन्हा त्यातच जाऊन बसतो. हे शेकडो वेळा करता येते. पूर्वी या जातीत एक मोठी खोट होती : सेल नुसता ठेवला तरी महिन्याभरात बराच रिकामा होई. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने जो सुधारलेला प्रकार आणला, तो वर्षभर कपाटात ठेवला तरी बहुतांश भरलेला राहतो. आता तसे सेल अनेक कंपन्या करतात.

लोकांची मुख्य तक्रार अशी की, साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते आणि चार्जिंगच्या सेलवर १.२, म्हणजे हा मुळातच कमजोर माल. ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडील बोडी आणि विहीर डोळ्यांसमोर आणावी. बोडीचा तळ उतरता असतो. पाणी सोडले की काठ उघडे पडत जातात आणि बोडी आटत चालली हे लांबून दिसते. साधा सेल तसा आहे. नवा असता १.५ च्या वर, मग १.४, १.३, १.२ असा तो सारखा उतरत ०.९ पर्यंत येतो. आयुष्याचा मोठा भाग तो स्वतःच १.३ च्या खाली काढतो. भरता येणारा सेल विहिरीसारखा. तो १.२ च्या आसपास स्थिर उभा राहतो आणि शेवटी, तळ लागल्यावर, एकदम कोसळतो. टॉर्चचा उजेड त्यामुळे शेवटपर्यंत चांगला पडतो, यंत्र शेवटपर्यंत जोरात चालते. गुण हाच आहे. पण अडचणही यातूनच निघते. ‘सेल संपत आला’ हे सांगणारा जो लाल दिवा यंत्रात असतो, तो बहुधा साध्या सेलच्या उताराशी जुळवलेला असतो. भरता येणारा सेल घातला की तो दिवा एकतर पहिल्यापासूनच खोटे रडगाणे गातो, नाहीतर शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गप्प राहतो. काही यंत्रांत सेलची जात सांगण्याची सोय असते. तेथे ती अवश्य सांगावी.

आमच्या त्या पहारेकऱ्यांनी हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली होती. ते म्हणाले, “भाऊ, उजेड मस्त हाये, पण विझाच्या आधी सांगत नाही.” पुस्तकात आम्ही जी आलेखाची रेघ दोनदा वाचली, ती यांनी रात्री कुंपणाच्या कडेने चालताना पाहिली होती.

आता बिरसीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बिरसीला धावपट्टी केली. पुढे कित्येक वर्षे तिचा फारसा उपयोग नव्हता. २००८ च्या सुमारास कॅनडाच्या सीएई कंपनीने आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था काढली. तेव्हापासून देशभरातील मुलेमुली आपल्या धानाच्या बांध्यांवर विमान चालविण्यास शिकतात, आणि त्यांचा घरघराट आपण ऐकतो. आपण खालून ऐकतो तो आवाज काहीच नव्हे. पंख्याच्या लहान विमानात आत बसणाऱ्याच्या कानावर नव्वद ते शंभर डेसिबलचा आवाज तासन्‌तास आदळत असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा घातलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा अर्थ समजेल. म्हणून वैमानिक हेडसेट घालतो. त्यात दोन कानटोप्या, तोंडासमोर ध्वनिग्राहक आणि विमानाच्या रेडिओला जोडणारी तार असते.

चांगल्या हेडसेटमध्ये आणखी एक युक्ती असते. कानटोपीच्या आत एक बारीक ध्वनिग्राहक बसवलेला असतो. तो आत शिरलेला घरघराट ऐकतो आणि यंत्र तत्काळ त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर काढते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर पडतो आणि आवाज मरतो. ही कल्पना विमानात वापरण्याजोगी करण्याचे मोठे श्रेय डॉ. अमर बोस यांना आहे. बंगालमधून इंग्रजांच्या जाचामुळे अमेरिकेस गेलेल्या एका क्रांतिकारकाचे ते चिरंजीव. १९७८ मध्ये विमानप्रवासात त्यांना ही कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये तसा हेडसेट विक्रीस आला. ही उलटी लहर काढण्यास जी वीज लागते, ती अनेक हेडसेटांत दोन पेन्सिल सेलांतून येते.

मग हे सेल हवेत संपले तर काय होते? येथे घाबरवणारी गोष्ट सांगण्याचा मोह होतो, पण खरे ते सांगितले पाहिजे. रेडिओची वीज विमानाची असते, हेडसेटच्या सेलची नव्हे. सेल संपला तरी बोलणे सामान्यतः चालू राहते. हेडसेट साध्या कानटोपीसारखे काम करतो. मात्र इतका वेळ दाबून ठेवलेला घरघराट एकदम कानावर येतो, आणि मनोऱ्यावरचा आवाज त्यात बुडाल्यासारखा वाटतो. सरावलेला वैमानिक आवाज वाढवील आणि पुढे जाईल. परंतु एकट्याने तिसरे-चौथे उड्डाण करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा उतरण्याच्या बेतात असताना हे घडले, तर त्याचे चित्त दोन क्षण कानाकडे जाईल. इंजिनाला काही झाले की काय, असेही त्याला वाटू शकते. नेमके तेच क्षण चाकांकडे आणि वेगाकडे द्यायचे असतात. साध्या सेलने त्याला बराच आधी लाल दिवा दाखविला असता.

त्या मुलाने आमच्यासमोर हिशेब मांडला होता की, साधे सेल सारखे विकत घेण्यापेक्षा चार्जिंगचे बरे. आम्ही तोच हिशेब कागदावर करून पाहिला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास दोनशे तासांचे उड्डाण लागते. समजा, अल्कलाइन सेल पंचवीस रुपयांना पडतो आणि एक जोडी चाळीस तास चालते. दोनशे तासांना पाच जोड्या, म्हणजे अडीचशे रुपये. आणि चार चांगले चार्जिंगचे सेल व नीट चार्जर यांना, समजा, दीड हजार रुपये. ज्या शिक्षणासाठी घरच्यांनी शेत गहाण टाकले, त्यात अडीचशे रुपये वाचविण्यासाठी दीड हजार घालायचे आणि वर लाल दिव्याचा भरवसा गमवायचा, यात शहाणपण दिसत नाही. तेच त्याला शिकविणाऱ्या शिक्षकाचे पाहा. त्याला वर्षाला जास्तीत जास्त एक हजार तास उडता येते. तितके उडला तर पंचवीस जोड्या, साडेबाराशे रुपये. त्याचा खर्च वर्ष-सव्वा वर्षात भरून निघेल आणि पन्नास सेलांचा कचराही वाचेल. पण तेथेही पहिली अट अशी की, हेडसेट बनविणाऱ्याच्या पुस्तिकेत त्या जातीच्या सेलला परवानगी असली पाहिजे. काही पुस्तिका देतात, काही देत नाहीत. आणखी एक सावधगिरी : हल्ली दीड व्होल्टचा लिथियमचा चार्जिंगचा पेन्सिल सेल मिळतो. त्याच्या पोटात व्होल्ट उतरविणारे चिमुकले विद्युत्‌मंडल असते. ते शेवटच्या क्षणापर्यंत दीड व्होल्ट दाखवते आणि मग पूर्ण बंद पडते. शिवाय असल्या मंडलाचा रेडिओत खरखरीचा उपद्रव होऊ शकतो. रेडिओजवळ ते नकोत.

पहारेकऱ्यांचा हिशेब याच्या अगदी उलट निघाला. रात्रभर टॉर्च वापरणाऱ्याची जोडी पाच रात्रींत संपते असे धरा. महिन्याला सहा जोड्या, बारा सेल, तीनशे रुपये, वर्षाला छत्तीसशे. तेच दीड हजार येथे पाच महिन्यांत फिटतात. विजेचा खर्च तर नगण्य. एक पेन्सिल सेल भरण्यास, चार्जरची गळती धरूनही, चार-पाच वॅट-तास लागतात. म्हणजे मीटरवरच्या एका युनिटात दोनशे सेल भरतील. लाख रुपयांच्या हेडसेटवाल्या मुलाने जे घेऊ नये, तेच दीडशेच्या टॉर्चवाल्याने जरूर घ्यावे, असा हा हिशेब आहे. घरातही हेच माप लावावे. भिंतीवरचे घड्याळ एका साध्या सेलवर वर्ष काढते. त्यात चार्जिंगचा सेल घालणे व्यर्थ. टीव्हीच्या रिमोटचेही तेच. मुलांची खेळणी, रोज लागणारा रेडिओ, रोजची टॉर्च, जेथे सेल आठवड्यात संपतो, तेथे तो घालावा. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात पुस्तिका पाहूनच घालावा.

परंतु टॉर्चवर आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आपल्या जिल्ह्यात टॉर्च ही चैनीची वस्तू नाही. आपण तिला बॅटरीच म्हणतो, इतकी ती हातातली. शेतीची वीज रात्री असली की माणूस रात्री बांधीवर पाणी द्यायला जातो. मण्यार रात्रीच फिरते. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायला बायका उजाडण्यापूर्वी रानात जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी तेच. आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघाला कोणाची वेळ विचारावी लागत नाही. अशा जागी विहिरीसारखा एकदम आटणारा सेल आणि त्याला पर्याय नसणे, ही बिरसीच्या मुलाच्या अडचणीहून मोठी अडचण आहे. त्या मुलाच्या शेजारी पुष्कळदा शिक्षक तरी असतो.

मग उपाय काय? उपाय नवा शोधायचा नाही, खाणीत तो शंभर वर्षे जुना आहे. एडिसनने १९१४-१५ च्या सुमारास खाणमजुराच्या टोपीवरच्या दिव्यासाठी भरता येणारी बॅटरी दिली, आणि तिच्याबरोबर एक व्यवस्थाही रुजली. भूमिगत खाणीच्या तोंडाशी लॅम्परूम असते. पाळी संपली की मजूर दिवा तेथे देतो. तो क्रमांकाच्या खणात भरावयास लागतो. पुढच्या पाळीला मजूर बिल्ला देऊन भरलेला दिवा नेतो. दिवा भरला की नाही ही काळजी खाली उतरणाऱ्याची एकट्याची नसते. लॅम्परूममध्ये त्यासाठी पगारी माणूस असतो. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खोल मँगॅनीज खाणीत उतरणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. साध्या सेलला ही व्यवस्था लागत नव्हती, कारण तो संपला की दुकानातून दुसरा आणता येई. भरता येणाऱ्या सेलला ती लागते, आणि तीच आपण सोडून दिली आहे.

सोडून दिल्याने काय होते ते त्या गिरणीत दिसले. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही. पूर्वी पहारेकऱ्यांना दर आठवड्याला सेल मिळत. एके दिवशी व्यवस्थापकांनी प्रत्येकाला एकेक चार्जिंगची टॉर्च दिली आणि सेल बंद केले. टॉर्च घरून भरून आणायची. वरकरणी ही सुधारणा. पण वीज घरची, आठवण घरच्यांची, आणि ज्या दिवशी खेड्यात वीज गेली त्या रात्री कुंपणाकडेचा अंधारही पहारेकऱ्याचाच. त्या टॉर्चमध्ये बंद शिशाची बॅटरी होती. ती जात रिकाम्या स्थितीत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार बसतो आणि ती भरेनाशी होते. सहा महिन्यांत अर्ध्या टॉर्च निकामी झाल्या आणि त्यांचे पैसे पगारातून कापण्याची भाषा सुरू झाली. युनियनने चार मागण्या ठेवल्या : बदलता येतील अशा सेलांच्या टॉर्च द्याव्यात, प्रत्येकाला दोन जोड्या मिळाव्यात, सेल भरण्याची जागा फाटकाच्या खोलीत, गिरणीच्या मीटरवर असावी, आणि पाळीच्या वहीत जोडीचा क्रमांक लिहावा. दोन बैठकांत पहिल्या तीन मान्य झाल्या. चौथीला व्यवस्थापक अजून हसतात. त्यांना वाटते, सेलची कसली वही? वही नसेल तर कोणती जोडी थकली हे कळणार नाही, आणि दोष पुन्हा टॉर्च धरणाऱ्याच्या हातावर येईल. ती मागणी आम्ही सोडलेली नाही.

घरी हीच लॅम्परूम एका चपट्या डब्यात करता येते. जोड्या ठरवून त्यांवर शाईने क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहावा. एका जोडीतले सेल दुसऱ्या जोडीत घालू नयेत. एक भरलेला आणि एक थकलेला असे बसले की थकलेल्यातून उलटी वीज जाते आणि तो कायमचा बिघडतो. भरलेली दुसरी जोडी डब्यात असल्याशिवाय पहिली जोडी घेऊन रानात जाऊ नये. बिरसीचे शिक्षक चार्जिंगचे सेल वापरीत असतील तर त्यांनी लाल दिव्याची वाट न पाहता ठराविक तासांनंतर जोडी बदलावी. हे सेल किल्ल्यांबरोबर किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नयेत. टोके जुळली तर कापड जळेल इतकी ऊब त्यांतून निघते. खरेदी करताना आकडा वाचावा. पेन्सिल मापाच्या या जातीच्या सेलमध्ये दोन हजारांपासून फार तर सत्तावीसशे-अठ्ठावीसशे मिलिअँपिअर-तास मावतात. ज्यावर चार किंवा पाच हजार छापलेले असेल, तो दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी खोटा.

शेवटी मेलेल्या सेलचे काय करावे? २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम केले. पूर्वीचे २००१ चे नियम मुख्यतः शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्यांत लहान पेन्सिल सेलही आला. बनविणाऱ्यावर परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आणि वापरणाऱ्याने सेल इतर कचऱ्यात मिसळू नये असे सांगितले. नियमाचा उपयोग मागणाऱ्याला होतो. म्हणून पुढच्या वेळी सेल घेताना जुने सेल दुकानदाराच्या पुढ्यात ठेवून तो परत घेतो का, हे विचारावे. दहाजणांनी विचारले तर तो वरच्या व्यापाऱ्याला विचारील. चुलीत मात्र कोणताही सेल टाकू नये.

येथे टेबलावर आम्ही एक मीटर, एक लहान बल्ब आणि चार जातींचे सेल मांडून ठेवले आहेत. नुसता मीटर लावून सेल कळत नाही, बल्बचे ओझे घालून पाहावा लागतो. ज्यांनी घरून सेल आणले असतील त्यांनी ते घेऊन पुढे यावे; बिरसीची मुलेही मागे बसलेली दिसतात, त्यांनीही यावे.